सहाव्या प्रश्नाचं शून्य

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, नोकरीतल्या गमतीजमती लिहा." मी म्हटलं, गणिताच्या मास्तरणीकडं कसल्या आल्यात गमती! तरी लिहायला बसले आणि सगळ्यात आधी आठवलं ते एक शून्य. मीच दिलेलं, लाल पेनानं, चांगलं गोल गरगरीत. त्या शून्यापायी एका बाईचं कॉलेज कायमचं सुटणार होतं. ती हकिकत सांगणारच आहे, पण आधी माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर त्या शून्याचं वजन तुम्हाला कळायचं नाही.

मी आपल्या शहरातल्या एका विज्ञान महाविद्यालयात एकतीस वर्षं गणित शिकवलं. तेवढ्या काळात शहराचं नाव बदललं, अभ्यासक्रम चार वेळा बदलला, पण कंस सोडवताना वजाचं चिन्ह विसरणारी पोरं काही बदलली नाहीत. विभागात एक विषय कुणालाच नको असायचा. पहिल्या सेमिस्टरचं कॅलक्युलस. पोरं कन्नडहून, वैजापूरहून, शेंद्र्याहून बारावीचे भरघोस मार्क घेऊन यायची आणि पहिल्याच चाचणीत दाणकन आपटायची. मग रडारड, मग पालक, मग प्राचार्यांचं बोलावणं. ते सगळं अंगावर घ्यायला कुणी तयार नसायचं, म्हणून तो विषय माझ्या गळ्यात पडला. पुढं तो मीच कुणाला घेऊ दिला नाही, ही गोष्ट वेगळी.

कॅलक्युलस म्हणजे काय, असं शेजारीपाजारी विचारायचे. मी सांगायची, कन्नडला जाणाऱ्या एसटीत बसा. अंतर भागिले वेळ केलं की सरासरी वेग निघतो, ते सातवीतलं पोरगंही करतं. पण आत्ता, या क्षणाला, समोर म्हैस आडवी आली तेव्हा गाडीचा वेग किती होता? क्षणाला लांबी नसते, मग भागायचं कशानं? हे ज्या युक्तीनं काढतात तिला डेरिव्हेटिव्ह म्हणतात, आणि ती युक्ती पटायला पोरांना अख्खं सेमिस्टर लागतं. काहींना पटतच नाही, ते पाठ करतात. माझं सगळं भांडण त्या पाठ करण्याशी होतं.

म्हणून पहिल्या दिवशी मी एक कागद वाटायची. माझ्याकडून काय मिळेल आणि मला काय लागेल, ते त्यात साध्या मराठीत लिहिलेलं असायचं. नुसत्या बरोबर उत्तराला मार्क नाहीत, बरोबर कारणाला आहेत. उत्तर चुकलं पण वाट बरोबर असेल तर सहापैकी पाच मिळतील. उत्तर बरोबर पण वाटच नसेल तर काही मिळणार नाही. मी शिकवलेल्या पद्धतीनंच सोडवा असा आग्रह नाही, पण जे लिहाल ते का खरं आहे हे सांगता आलं पाहिजे. हजेरीचे, सुंदर अक्षराचे, वाढदिवसाचे मार्क नाहीत. चाळीस मार्क सेमिस्टरभराच्या कामाचे, साठ शेवटच्या पेपरचे, दोन्ही मिळून चाळीसला पास. एकोणचाळीसला नापास. पोरं त्या कागदाला जाहीरनामा म्हणायची आणि मला पायरीबाई, कारण "पायऱ्या दाखवा, पायऱ्या दाखवा" म्हणून मी डोकं खायची. नाव मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं घ्यायची, हेही सांगून ठेवते.

पेपर तपासणं हे बाहेरून वाटतं तसं बैठं काम नाही. चोरशिपायाचा खेळ असतो तो. पेपर परत दिल्यावर वजाच्या चिन्हाला एक उभी रेघ मारली की अधिक होतं, आणि "मॅडम, हे आधीपासून असंच होतं" म्हणून पोरगं निरागस चेहऱ्यानं उभं राहतं. असं दोनदा फसल्यावर मी प्रत्येक वजाच्या डोक्यावर बारीक लाल ठिपका द्यायला लागले. एकानं तो ठिपकासुद्धा खोडला होता. त्याची मेहनत बघून मलाच कौतुक वाटलं, मार्क मात्र दिले नाहीत.

माझा आणखी एक रिवाज होता, त्याला पोरं दरबार म्हणायची. तो सुरू झाला इम्रानमुळं. इम्रानच्या वडिलांचं सिटी चौकाकडं गॅरेज होतं. पोरगा हुशार आणि तोंडाळ. मी त्याचा अर्धा मार्क कापला, तर भर व्हरांड्यात मला गाठून म्हणतो, "मॅडम, आधे मार्क का सवाल नै, इज्जत का सवाल है." मी चिडून म्हटलं, "इज्जत आहे ना? मग चल फळ्यापाशी, सगळ्यांसमोर सिद्ध कर." आणि पठ्ठ्यानं केलं की! वर्गाचं वर्गमूळ काढताना मूळ संख्या ऋणही असू शकते हा विचार मी नमुना उत्तरात केलाच नव्हता, त्यानं केला होता. वर्गानं टाळ्या वाजवल्या, मी अर्धा मार्क दिला आणि त्या दिवसापासून नियम करून टाकला. चाचणी असो की शेवटचा पेपर, निकाल पुढं पाठवण्याआधीच्या शनिवारी उत्तरपत्रिका घेऊन यायचं. ज्याला मार्क हवा त्यानं फळ्यावर येऊन तो का मिळायला हवा ते सांगायचं. विनवण्या केबिनमध्ये नाहीत, फोनवर नाहीत, कुणाच्या ओळखीनं तर नाहीच नाही.

दरबारात एकदा वैजापूरचे एक गृहस्थ आले, मुलाला दंडाला धरून. ते तिथल्या कोर्टात एका वकिलांकडं कारकून होते. म्हणाले, "उत्तर एक यायला पाहिजे, आलंय एक. क्लासचे सरसुद्धा बरोबर म्हणतात. मग भोपळा कसा?" प्रश्न असा होता की अमुक एका अपूर्णांकाची किंमत शेवटी एकाला जाऊन भिडते, हे सिद्ध करा. पोरानं क्लासमध्ये शिकलेला एक आयता नियम लावून दोन ओळींत उत्तर काढलं होतं. भानगड अशी की तो नियम लावायला जे लागतं, ते स्वतःच या गोष्टीवर उभं आहे. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या कोर्टात रामाला जामीन शाम राहिला. शामाला कोण, म्हणून विचारलं तर राम. चालेल?" गृहस्थ खो खो हसायला लागले. "बाई, असले जामीन आम्ही रोज फेकतो," म्हणाले. मग जाता जाता पोराच्या पाठीत एक गुद्दा घातला. क्लासच्या सरांचं नाव मात्र त्यांनी काही सांगितलं नाही.

या दरबाराचा मला फार अभिमान होता. आजही आहे. आता संगीताचं सांगते.

संगीता शेंद्र्याची. वय एकोणतीस, दोन लेकरं, नवरा तिथल्याच एका कारखान्यात मशीनवर. बारावी सायन्स करून लग्न झालं आणि अकरा वर्षांनी बीएस्सीला नाव घातलं. वर्गातली पोरं तिला ताई म्हणायची आणि जागा द्यायची. पहिल्या दिवशी मी जाहीरनामा वाचताना म्हटलं, नापास झालात तर घाबरू नका, पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं. तास संपल्यावर ती थांबली.

"मॅडम, मला पुन्हा नाय बसता येणार. मामांनी एकच सेमिस्टर दिलंय."

मामा म्हणजे तिचे सासरे. माणूस दुष्ट नव्हता. सकाळी नातवंडांना शाळेत तेच सोडायचे, ही इकडं यायची म्हणून सासू एकटी स्वयंपाक करायची. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "सहा महिने आम्ही सांभाळतो. झेपलं तर पुढं. एका बी विषयात राहिली तर नाद सोडायचा." बाकीचे विषय तिला जमत होते. अडकलं तर माझ्याकडंच अडकणार होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तिची अवस्था बिकट होती. अकरा वर्षांत बीजगणित गंजून गेलेलं. पहिल्या चाचणीत वीसपैकी चार. पण दर शनिवारी यायची, मार्क मागायला नाही, "हे का असं?" विचारायला. तिचा तो 'का' मला आवडायचा. चाचण्या, वही सगळं मिळून चाळीसपैकी एकोणीसपर्यंत तिनं ओढत आणलं. शेवटच्या पेपरला साठपैकी एकवीस हवे होते. मिळाले अठरा. एकूण सदतीस.

मला वाईट वाटलं. दोन वेळा बेरीज केली, अठराच. शेजारच्या टेबलावर देशमुख सर होते, स्वभावानं मऊ माणूस. म्हणाले, "तीनच मार्क ना? द्या कुठंतरी एक एक वाढवून. पुण्य लागेल." मी म्हटलं, "आणि बाकीचे जे नापास झाले त्यांचं पाप कुणाला लागेल?" मी बरोबर होते, असं मला तेव्हा शंभर टक्के वाटलं होतं.

डिसेंबरचा शनिवार. सकाळचं कोवळं ऊन वर्गात आलेलं, पंधरावीस पोरं पेपर घेऊन बसलेली. दारात संगीता आणि तिच्यामागं पांढरी टोपी, धोतर, हातात पिशवी. मामा स्वतः आले होते. मागच्या बाकावर टेकले. बराच वेळ दरबार बघत राहिले आणि मध्येच उठून हात जोडून म्हणाले, "बाई, लेकरांचं करून, घरचं करून शिकली हो पोरगी. तीन मार्कानं तुमचं काय बिघडतंय?"

म्हणजे ज्यानं मुदत घातली तोच तिच्यासाठी हात जोडत होता. हे मला दिसत होतं. पण तोंडानं नेहमीचंच बोलले. "आजोबा, मागून मार्क मिळत नाहीत इथं. कारण सांगून मिळतात."

संगीताचा चेहरा लाल झाला. "मामा, तुम्ही बसा बरं," म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "मॅडम, माझी तक्रार नाय. मार्क बी नकोत. जायच्या आधी फक्त इचारायचं होतं, सहाव्या प्रश्नात माझं चुकलं कुठं?"

सहावा प्रश्न असा होता. एका लांब भिंतीला लागून आयताकृती जागेला तारेचं कुंपण घालायचंय. भिंतीच्या बाजूला तार लागत नाही. तार शंभर मीटर आहे. जास्तीत जास्त किती जागा घेरता येईल? सहा मार्क. वर्गानं काय करावं अशी अपेक्षा, तर रुंदीला एक्स धरायचं, क्षेत्रफळाचं सूत्र मांडायचं, डेरिव्हेटिव्ह काढून शून्याबरोबर ठेवायचं. उत्तर साडेबाराशे चौरस मीटर. संगीताच्या पेपरात डेरिव्हेटिव्हचा पत्ताच नव्हता. भिंतीच्या दोन्ही बाजूंना चौकोन काढलेले, मध्येच अडीच हजार आकडा, मग एकदम उत्तर साडेबाराशे. मी समासात "पद्धत?" लिहून शून्य दिलं होतं. खरं सांगायचं तर मनात आणखी एक गोष्ट आली होती. शेजारच्या बाकावरच्या मुलीचं उत्तरही साडेबाराशेच होतं.

"ये, दाखव," मी म्हटलं.

तिनं खडू घेतला. "मॅडम, डेरिव्हेटिव्ह कसं लावायचं ते मला आठवंनाच. मंग म्हणलं, इचार तर करू. भिंतीच्या अलीकडं आपली जागा हाय. पलीकडं बी तेवढीच, तशीच जागा धरली. जणू शेजाऱ्यानं बी तसंच कुंपण घातलं. मंग भिंत इसरून जायची. दोघांची मिळून तार झाली दोनशे, आन एकच मोठा चौकोन झाला, चारी बाजूंनी तार असलेला. तो जितका मोठा तितकं आपलं निम्मं मोठं."

पोरं पुढं सरकली.

"आता दोनशे तारेत चारी बाजू सारख्या केल्या तर पन्नास-पन्नास. अडीच हजार. एक बाजू वाढवली की दुसरी तेवढीच घटवावी लागती..."

"बावन्न आन अठ्ठेचाळीस धर," मागून आवाज आला. मामा उभे होते.

तिनं गुणाकार केला. "चोवीसशे शहाण्णव. चार गेले, मामा."

"साठ-चाळीस?"

"चोवीसशे. शंभर गेले. दोननं हललं तर दोनाचे दोनपट जातात, धानं हललं तर धाचे धापट. कसं बी हला, जातंच. म्हणून सारखा असला तरच सगळ्यात मोठा. त्याचं निम्मं, साडेबाराशे."

तिनं ते अक्षरांतही मांडून दाखवलं होतं, पेपरात, खाली कोपऱ्यात. बाजू पन्नास अधिक डी आणि पन्नास वजा डी, गुणाकार अडीच हजार वजा डीचा वर्ग. वजावर माझा लाल ठिपकासुद्धा होता. म्हणजे माझा पेन तिथून गेला होता, मी गेले नव्हते.

मी तिचा पेपर घेऊन खुर्चीवर बसले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी पोरांच्या मागं लागले, ते या बाईनं माझ्या पेपरात लिहून दिलं होतं आणि मी त्याच्यावर भोपळा काढला होता. माझी मलाच लाज वाटली.

"संगीता, तुझं कुठंच चुकलं नाही," मी म्हटलं. "माझं चुकलं. डेरिव्हेटिव्ह दिसलं नाही म्हणून मी वाचलंच नाही. आणि मला वाटलं, उत्तर तू शेजारच्या मुलीचं बघून लिहिलंस."

शेवटचं वाक्य नसतं बोलले तरी चाललं असतं. पण दरबार माझा होता, नियम माझा होता. फळ्यावर पोरांनी सगळं खरं सांगायचं आणि मी अर्धं सांगायचं, हे मला जमेना.

मामांनी पिशवी उचलली. "म्हंजी आमची सून चोरी करती, असं म्हणलात व्हय?"

"म्हटलं नाही, आजोबा. पण समजले होते."

"तेच ते." त्यांचा आवाज चढला. "चल गं. जिथं आपल्याला चोर समजत्यात तिथं कशाला यायचं? नगं ते मार्क."

मी उठून उभी राहिले. तीन मार्कांचं कोडं सुटलं होतं आणि पोरगी तरीही दारातून जायला निघाली होती, तीही माझ्या तोंडामुळं.

संगीता जागची हलली नाही. "मामा, मार्क मॅडमच्या हातात होते. बाई कबूल करत्यात, ते बी सगळ्यांम्होरं. न सांगता सा मार्क देऊन टाकले असते तर आपल्याला काय कळणार होतं?"

मामा दारातच थांबले. मी म्हटलं, "आजोबा, दहा मिनिटं थांबा. मार्क दुरुस्त करायचा फॉर्म असतो, तो तुमच्यासमोर भरते."

स्टाफरूममध्ये दोघांना खुर्च्या दिल्या. फॉर्मवर एक रकाना असतो, दुरुस्तीचं कारण. देशमुख सर वाकून हळूच म्हणाले, "बेरजेत चूक लिहा, मॅडम. सगळे तेच लिहितात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कशाला चौकशी मागं लावून घेता?" खरं होतं त्यांचं. आमच्या धंद्यात सगळ्या चुका बेरजेच्याच असतात. त्या रकान्यात दुसरं काही लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आधीच्या दोन-तीन वेळेला मीही बेरीजच लिहिली होती.

मी लिहिलं आणि फॉर्म पुढं सरकवला. मामा म्हणाले, "मला चष्मा नाय. वाचून दावा."

मी वाचलं. "प्रश्न क्रमांक सहा. विद्यार्थिनीचे उत्तर संपूर्ण बरोबर आहे. परीक्षकाला ते समजले नाही. शून्याऐवजी सहा गुण द्यावेत."

"परीक्षक म्हंजी कोण?"

"मी."

त्यांनी फॉर्म संगीताकडं सरकवला. संगीतानं सही केली, मी केली. सदतीसाचे त्रेचाळीस झाले. पुढं चौकशी झाली, प्राचार्यांनी मला बोलावून दोन शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. नोकरीत मला मिळालेल्या शाली आणि प्रशस्तिपत्रकं कपाटात कुठंतरी असतील. त्या फॉर्मची झेरॉक्स मात्र माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. असा फॉर्म भरावा लागला याचं वाईट वाटतं, आणि भरला याचा अभिमान वाटतो. दोन्ही खरं आहे.

दोघं निघाले. मी दारापर्यंत गेले. मामा पायरीवर थांबले, टोपी नीट केली.

"बाई, हे कुंपणाचं झालं. म्होरल्या सेमिस्टरला काय असतंय?"

"पुढं इंटिग्रेशन असतं, आजोबा. बांध वाकडातिकडा असला तरी आतली जमीन नेमकी किती, ते मोजायचं."

"वाकड्या बांधाची बी निघती?"

"निघते. तंतोतंत."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, सुनेकडं एकदा बघितलं.

"सोमवारी फारम भरून टाक गं," म्हणाले. "लेकरांना मी सोडतो."